फरशीवरचा अटलांटिक

आपल्या भाषेत खेळ या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. एखादे काम कुणी मन लावून केले नाही, की आपण त्याला पोरखेळ म्हणतो. एखाद्या कार्याचा विचका झाला, की खेळखंडोबा झाला असे म्हणून मोकळे होतो. आणि युद्धासारख्या भीषण प्रकरणाशी कुणी खेळाचा संबंध जोडलाच, तर 'लढाई म्हणजे काही खेळ नव्हे' एवढेच वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडावयाचे. तथापि ज्या देशाने हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी पटावर मांडून जगाला बुद्धिबळ शिकविले, त्या देशातील माणसांनी तरी हे वाक्य थोडे जपूनच उच्चारावयास हवे. आज मी आपणांस अशा एका खेळाची हकीकत सांगणार आहे, की जो इंग्लंडातील एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, साध्या लिनोलियमच्या फरशीवर, खडूने आखून खेळला गेला. आणि ज्यातील हारजितीवर शेकडो मैल दूर, काळोख्या समुद्रावर असलेल्या हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते आजच्या मुलांमुळे. हल्ली संगणकावर पाणबुडीचे खेळ निघाले आहेत. 'सायलेंट हंटर' या मालेतील २००५ सालचा खेळ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. खेळणारा स्वतः जर्मन पाणबुडीचा कप्तान होतो. क्षितिजावर धूर दिसला की नकाशावर रेघ ओढावयाची, व्यापारी जहाजांच्या तांड्याची दिशा आणि वेग ताडावयाचा, वळसा घालून त्याच्या पुढे जावयाचे, रात्र पडताच पाणतीर सोडावयाचा, आणि मग पहाऱ्याच्या नौका शोधीत आल्या म्हणजे खोल पाण्यात श्वास रोखून बसावयाचे. मुले यात तासन् तास रंगून जातात. पालक कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र असे वाटते, की या मुलांना एक गोष्ट सांगावयास हवी. ती ही, की हाच खेळ, याच नियमांनी, त्यांच्या पणज्यांच्या वयाच्या काही मुली १९४२ साली खेळत होत्या. आणि त्यांना तो खेळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ब्रिटन हे बेट. तेथील माणसांच्या ताटातले अन्न, कारखान्यांतले कच्चे द्रव्य आणि विमानांत घालावयाचे तेल, यांचा फार मोठा भाग समुद्रावरून यावयाचा. तो तोडला की तलवार न उपसता ब्रिटन शरण आणता येईल, हा जर्मनीचा हिशेब होता. एकेकटे जहाज पाणबुडीच्या तावडीत सहज सापडते, म्हणून तीस-चाळीस जहाजांचा तांडा करून, सभोवती चार-सहा लढाऊ नौकांचा पहारा ठेवून तो अटलांटिक महासागर पार करावयाचा, अशी ब्रिटिशांची रीत होती. आपल्याकडे पूर्वी लमाणांचे बैलांचे तांडे चालत, तसाच हा प्रकार. तांड्याचा वेग त्यातील सर्वांत मंद जहाजाच्या वेगाइतका; म्हणजे ताशी सात ते दहा सागरी मैल.

या तांड्यांवर झडप घालण्यासाठी जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ याने एक युक्ती योजिली होती. पाणबुड्या एकेकट्या न फिरता एकमेकींपासून अंतर राखून समुद्रात रांगेने पसरावयाच्या. एकीला तांडा दिसला, की तिने हल्ला करावयाचा नाही. क्षितिजाच्या कडेवर राहून, धुराच्या रेषेवर नजर ठेवून, तिने सावलीसारखे पाठीमागे लागावयाचे आणि बिनतारी संदेशाने मुख्य ठाण्याला तांड्याचा ठावठिकाणा कळवीत राहावयाचे. मग ठाण्यावरून हुकूम सुटत आणि आसपासच्या पाणबुड्या लांडग्यांच्या कळपाप्रमाणे एकत्र जमत.

येथे एक गोष्ट सामान्य वाचकाला ठाऊक नसते. त्या काळची पाणबुडी ही खरे पाहता पाण्यावर चालणारी आणि प्रसंग पडल्यास बुडी मारणारी नौका होती. पाण्याच्या पृष्ठभागावर ती डिझेलच्या इंजिनांवर ताशी सतरा सागरी मैल धावे. पाण्याखाली मात्र ती विजेच्या घटांवर चाले. तेथे तिचा वेग जास्तीत जास्त सात-साडेसात मैल, आणि तोही थोडाच वेळ. म्हणजे बुडी मारलेली पाणबुडी ही लंगडी आणि जवळजवळ आंधळी. म्हणून अनुभवी जर्मन कप्तान रात्रीच्या वेळी पृष्ठभागावरूनच हल्ला करीत. पाण्याबाहेर तिचा ठेंगणा मनोरा तेवढा दिसे. तोही काळोखात लाटांशी एकरूप होऊन जाई. पहाऱ्याच्या नौकांवर 'अ‍ॅस्डिक' नावाचे यंत्र होते. पाण्यात ध्वनीची लहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून बुडालेली पाणबुडी हुडकावयाची, हे त्याचे काम. पण पृष्ठभागावरच्या पाणबुडीपुढे हे यंत्र निरुपयोगी ठरे. शिवाय पहाऱ्यावरच्या कॉर्व्हेट जातीच्या लहान नौकांचा वेग अवघा सोळा मैल. चोराचे पाय शिपायाच्या पायांहून चपळ, अशी ही स्थिती होती.

तिचा परिणाम काय झाला? ऑक्टोबर १९४० मध्ये 'एस्-सी ७' नावाचा पस्तीस जहाजांचा तांडा निघाला. त्यांपैकी वीस जहाजे समुद्राच्या तळाशी गेली. १९४१ च्या मार्चमध्ये प्रीन, शेप्के आणि क्रेट्श्मर हे तीन नामांकित जर्मन कप्तान एकाच महिन्यात नाहीसे झाले. पहिले दोघे मेले, तिसरा कैद झाला. तरीही जहाजे बुडतच राहिली. आणि १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मनांनी आपल्या पाणबुड्यांच्या गुप्त लिपीच्या यंत्रात चौथे चक्र घातले. त्याबरोबर जे इंग्रज गणिती ती लिपी उलगडीत होते, त्यांच्या डोळ्यांपुढे पुढील दहा महिने अंधार पसरला.

नेमक्या याच सुमारास आपल्या हकीकतीचा नायक रंगभूमीवर येतो. त्याचे नाव गिल्बर्ट रॉबर्ट्स. हा आरमारी अधिकारी. पोर्टस्मथ येथील डावपेचांच्या शाळेत १९३५ नंतरची काही वर्षे युद्धाचे खेळ मांडण्यात त्याने घालविली होती. पुढे त्याला क्षयरोग जडला आणि १९३८ साली आरमाराने त्याला नोकरीतून मुक्त केले. ज्याची सारी हयात समुद्रावर जावयाची, त्याला ऐन युद्धाच्या तोंडावर घरी बसण्याची पाळी यावी, यासारखे दुःख दुसरे कोणते? परंतु युद्ध सुरू झाल्यावर त्याला पुन्हा बोलावणे आले, आणि जानेवारी १९४२ मध्ये त्याची रवानगी लिव्हरपूलला झाली. ब्रिटनच्या पश्चिमेकडील जलमार्गांचे सारे संरक्षण तेथील डर्बी हाउस या इमारतीतून चाले. तिच्या वरच्या मजल्यावरच्या काही खोल्या त्याला मिळाल्या. काम एवढेच, की पाणबुड्या जहाजे बुडवून निसटतात कशा, याचा शोध लावावयाचा आणि त्यावर उपाय सुचवावयाचा.

त्याच्या हाताखाली कोण दिले? आरमाराच्या महिला दलातील थोड्या मुली. या दलातील स्त्रियांना 'रेन' म्हणत. त्यांपैकी बहुतेकींचे वय सतरा ते एकवीस-बावीस. एकीनेही लढाऊ जहाजावर पाऊल ठेवलेले नव्हते. जीन लेडलॉ ही हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेली. जॅनेट ओकेल ही तर शाळा सोडून फार वर्षे न झालेली. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या दर्यावर्दी सरदाराला अशी फौज दिली असती, तर तो काय म्हणाला असता याची कल्पना करावी! रॉबर्ट्सने मात्र या मुलींना हाताशी घेतले आणि पट मांडावयास सुरुवात केली.

तो पट असा. खोलीची फरशी म्हणजे महासागर. तिच्यावर पांढऱ्या रेघा मारून चौकोन पाडलेले. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल. लाकडाची चिमुकली जहाजे रांगांत मांडून तांडा उभा करावयाचा. सभोवती कापडाचे पडदे. त्यांना लहान लहान भोके. पहाऱ्याच्या नौकेचा जो कप्तान, त्याने पडद्याआड उभे राहून त्या भोकातून पाहावयाचे. कारण खऱ्या समुद्रावर रात्री त्याला जेवढे दिसते, तेवढेच येथेही दिसले पाहिजे. प्रत्येक डाव दोन मिनिटांचा. तेवढ्या अवधीत त्याने निर्णय घेऊन चिठ्ठीवर हुकूम लिहावयाचा आणि मुलींनी त्याप्रमाणे फरशीवर खडूने त्याच्या नौकेचा मार्ग आखावयाचा. पहाऱ्याच्या नौकांचा खडू पांढरा, पाणबुडीचा हिरवा. त्या तपकिरी फरशीवर तो हिरवा रंग भोकातून तिरप्या नजरेने पाहणाऱ्याला दिसतच नसे. शत्रू समोर असावा, त्याचा मार्ग प्रत्यक्ष आखला जात असावा, आणि तरीही तो डोळ्यांना दिसू नये, ही समुद्रावरची स्थिती या साध्या खडूने जशीच्या तशी उभी केली होती.

आता या खेळाने पहिला शोध कोणता लावला ते पाहू. डिसेंबर १९४१ मध्ये 'एच्-जी ७६' नावाचा बत्तीस जहाजांचा तांडा जिब्राल्टरहून निघाला होता. त्याच्या पहाऱ्याचा प्रमुख फ्रेडरिक वॉकर हा कसलेला लढवय्या. त्या मोहिमेत अनेक पाणबुड्या बुडाल्या आणि व्यापारी जहाजे मात्र दोनच गेली. या विजयाचे श्रेय वॉकरच्या 'बटरकप' नावाच्या डावाला दिले जात होते. जहाजाला पाणतीर लागला, की पहाऱ्याच्या नौकांनी तांड्यापासून बाहेरच्या बाजूस वेगाने दौडावयाचे, प्रकाशगोळे उडवावयाचे आणि पाण्यात स्फोटके टाकावयाची, असा तो डाव. यामागे एक गृहीत होते. ते असे, की पाणबुडी तांड्याच्या बाहेर, दूर अंतरावर उभी राहून पाणतीर सोडते.

रॉबर्ट्सने हे गृहीतच फरशीवर ठेवून तपासले. बुडालेल्या जहाजांच्या जागा त्याने मांडल्या. तेव्हा त्यांपैकी काही तांड्याच्या आतल्या रांगांतील निघाली. बाहेरून सोडलेला पाणतीर कडेची सारी जहाजे चुकवून नेमका आतल्या जहाजाला कसा लागेल? एकदा लागेल, दोनदा लागेल. वारंवार कसा लागेल? मग दुसरीच शक्यता उरते. पाणबुडी तांड्याच्या आतच शिरत असली पाहिजे. पण शिरेल कोठून? पहाऱ्याच्या नौकांची नजर मुख्यतः पुढे आणि बाजूंना. पाठीमागून कोण येणार, अशी सर्वांची समजूत. पृष्ठभागावर सतरा मैलांच्या वेगाने चालणारी पाणबुडी सात-आठ मैलांच्या तांड्याला पाठीमागून सहज गाठू शकते. ती रात्री मागून येते, रांगांच्या मधून चालते, जवळून पाणतीर सोडते, बुडी मारते. आणि तांडा आपल्या डोक्यावरून पुढे निघून जाऊ देते. पहाऱ्याच्या नौका बाहेर अंधारात प्रकाशगोळे उडवीत असतात, तेव्हा चोर घराच्या माजघरातच लपलेला असतो!

लेडलॉ आणि ओकेल यांना घेऊन रॉबर्ट्सने हा प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून पाहिला. 'बटरकप' डावात पाणबुडी बहुतेक वेळा निसटे. मग उत्तर शोधावयास फार वेळ लागला नाही. पाणबुडी बुडी मारून तांड्याच्या मागे राहत असेल, तर पहाऱ्याच्या नौकांनी बाहेर न धावता तांड्याच्या पिछाडीला यावयाचे, ओळीने उभे राहावयाचे आणि 'अ‍ॅस्डिक'ने तेवढाच टापू विंचरून काढावयाचा. बुडालेली पाणबुडी मंद चालते. म्हणून ज्या टापूत ती असेल तो टापू लहान असतो. पृष्ठभागावर जे यंत्र निरुपयोगी, तेच येथे कामास येते. शत्रूची चपळाई जेथे संपते, तेथे आपण उभे राहावयाचे, हे या डावाचे सार. त्याला नाव दिले लेडलॉने: 'रासबेरी'. हे एका फळाचे नाव खरे. पण इंग्रजी बोलीत तोंडाने काढलेल्या वेडावणाऱ्या आवाजालाही तोच शब्द आहे. हा आवाज हिटलरसाठी होता.

लिव्हरपूलचा सरसेनापती ॲडमिरल पर्सी नोबल हा प्रथम साशंक होता. आजारी अधिकारी आणि चार पोरी खडू घेऊन अटलांटिकची लढाई जिंकावयास निघाल्या आहेत, हे कुणाला खरे वाटेल? परंतु तो आपल्या अधिकाऱ्यांसह आला, उभा राहून सारा डाव पाहिला, आणि त्याचे मत पालटले. लगेच हा डाव साऱ्या पहारेकरी नौकांना कळविण्यात आला. फेब्रुवारी १९४२ पासून आठवड्या-आठवड्याचे वर्ग सुरू झाले. समुद्रावरून थकून परतलेले अधिकारी, ज्यांच्यापैकी कित्येक युद्धापूर्वी साधे कारकून किंवा वकील होते, ते या खोलीत येऊन पडद्याआड उभे राहत. चिठ्ठी लिहिताना एखाद्याचा गोंधळ उडाला, तर शेजारची वीस वर्षांची मुलगी हळूच कानात सुचवी, की 'साहेब, आता वळावे हे बरे.' युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी या फरशीवरून शिकून गेले.

एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये नोबलच्या जागी ॲडमिरल मॅक्स हॉर्टन आला. हा स्वतः पहिल्या महायुद्धातील नाणावलेला पाणबुडीवाला; १९१४ साली त्याने 'हेला' ही जर्मन क्रूझर बुडविली होती. तो या खेळघरात आला आणि म्हणाला, की मी पाणबुडी होतो, मला पकडून दाखवा. पाच वेळा डाव झाला. पाचही वेळा त्याची पाणबुडी बुडाली. त्याला संशय आला, की समोरच्या खेळाडूला आपली चाल दिसत असावी. मग त्याला पडद्यामागे नेऊन दाखविले, की तेथून हिरव्या रेघा दिसत नाहीत. आणि त्याला हरविणारा तो 'अधिकारी' म्हणजे जॅनेट ओकेल ही तरुण मुलगी होती. अशी हकीकत सांगतात. आणि त्यानंतर हॉर्टन या खेळघराचा खंदा पाठीराखा बनला, हे तर प्रसिद्धच आहे.

शत्रूही स्वस्थ बसला नव्हता. पाठलाग करणारी पाणबुडी विशिष्ट खुणेने सुरू होणारा संदेश पाठवी, त्या संदेशाच्या दिशेचा माग काढून तिला हाकलून देण्याचा 'बीटा सर्च' हा डाव याच फरशीवर सिद्ध झाला. एकदा सावली दूर केली, की कळप जमणार कुणाच्या मागे? पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये जहाजाच्या पंख्याच्या आवाजामागे धावत जाणारा नवा पाणतीर जर्मनांनी वापरात आणला. त्यावरही 'स्टेप असाइड' नावाचा प्रतिडाव येथूनच निघाला.

आणि गंमत अशी, की पट मांडणारे इंग्रज एकटेच नव्हते. १९३८-३९ च्या हिवाळ्यात डोनिट्झनेही अटलांटिकवरच्या लढाईचा खेळ मांडून पाहिला होता. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की या कामास तीनशे पाणबुड्या लागतील. युद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याजवळ होत्या सत्तावन. म्हणजे दोन्ही पक्षांनी खेळातून शिकण्याचा प्रयत्न केला. फरक एवढाच, की डोनिट्झचा खेळ युद्धापूर्वी झाला आणि आपल्याला काय हवे हे त्याने सांगितले. रॉबर्ट्सचा खेळ रोज चालू राहिला आणि आपले काय चुकते हे तो सांगत राहिला.

तथापि इतिहास सांगणाऱ्याने अतिशयोक्ती करू नये. अटलांटिकची लढाई एका फरशीवर जिंकली गेली असे म्हणणे, म्हणजे एका पावसाने नदी भरली असे म्हणण्यासारखे होईल. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे हा खेळ सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही, 'एच्-एक्स २२९' आणि 'एस्-सी १२२' या दोन तांड्यांतील बावीस जहाजे बुडाली. त्यानंतर पारडे फिरले ते अनेक कारणांनी. रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी १९४० साली शोधलेल्या उपकरणामुळे काळोखातही पाणबुडीचा मनोरा टिपणारे रडार नौकांवर आले. बिनतारी संदेशाची दिशा ओळखणारी यंत्रे आली. गुप्त लिपी पुन्हा उलगडली. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने आणि लहान विमानवाहू जहाजे आली. अमेरिकेच्या गोद्यांतून नवी जहाजे भराभर उतरली. परंतु शस्त्र हाती असणे निराळे आणि ते केव्हा, कोठे वापरावयाचे हे ठाऊक असणे निराळे. मे १९४३ च्या आरंभी 'ओ-एन्-एस् ५' या तांड्यावर चाळीसच्या आसपास पाणबुड्या तुटून पडल्या. पहाऱ्याच्या मोजक्या नौका होत्या. प्रमुखाच्या नौकेचे तेल संपत आल्याने तिला मध्येच परतावे लागले होते. तरीही दुय्यम अधिकाऱ्याच्या हाताखाली बाकीच्या नौका डगमगल्या नाहीत. हुकूम सुटताच प्रत्येकीला आपली जागा ठाऊक होती. तांड्याने बारा-तेरा जहाजे गमावली, पण सहा पाणबुड्या बुडविल्या. त्या एका महिन्यात जर्मनीच्या एकूण एकेचाळीस पाणबुड्या नष्ट झाल्या, आणि २४ मे रोजी डोनिट्झने आपला कळप उत्तर अटलांटिकमधून मागे घेतला.

श्रोतेहो, हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असे आपणांस वाटेल. इंग्रजांची जहाजे, जर्मनांच्या पाणबुड्या, त्यांत आपला काय संबंध? परंतु त्या लाकडी जहाजांच्या रांगांकडे थोडे निरखून पाहा. युद्धाच्या सुरुवातीस ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवरचा सुमारे चौथा हिस्सा नोकरवर्ग हिंदी होता. भट्टीत कोळसा टाकणारे पंजाब आणि सिल्हेटचे. डेकवरचे खलाशी गुजरातचे, मलबारचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे. स्वयंपाकी आणि वाढपी गोव्याचे. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार फार थोडा. कोकणातल्या कितीतरी घरांत मनिऑर्डर आली, की बाप किंवा भाऊ जिवंत आहे एवढे कळावयाचे. तो कोणत्या समुद्रावर आहे हे कळण्यास मार्गच नसे. पाणतीर बहुधा जहाजाच्या पोटाला लागतो, आणि इंजिनघरात काम करणाऱ्याला वर येण्यास वेळ मिळत नाही.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडविले गेले. लंडनवर बाँब पडू लागले म्हणून कॅनडाला धाडलेली नव्वद इंग्रज मुले तिच्यावर होती. त्यांपैकी सत्याहत्तर मेली. ही कथा इंग्लंडात सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावरच्या नोकरवर्गात हिंदी खलाशी शेकड्याहून अधिक होते आणि त्यांच्यापैकीही बहुसंख्य त्या थंड पाण्यात गेले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एक होडी आठ दिवस समुद्रावर तरंगत राहिली. ती सापडली तेव्हा तिच्यात सहा इंग्रज मुले आणि तीसएक हिंदी खलाशी होते. त्या रात्री तांड्याजवळ पहाऱ्याची एकही नौका नव्हती; ती त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी निघून गेली होती.

मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि ज्यांना भूमीत थडगे लाभले नाही, अशा अविभक्त हिंदुस्थानातील सहा हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मरण मुंबईच्या आणि चितगावच्या स्मारकांत मिळून केलेले आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे ये-जा करतात. आत जाऊन पाहणारे किती, हे मी आपणांस विचारीत नाही.

म्हणून संगणकापुढे बसलेल्या मुलाला मी रागावणार नाही. पाणबुडीच्या जागी बसून विचार करणे यात वाईट काही नाही. रॉबर्ट्सचे सारे यश त्यातच होते. शत्रू दुष्ट आहे एवढे म्हणून जो थांबतो, तो त्याला हरवू शकत नाही. त्याच्या जागी बसून, त्याच्या डोळ्यांनी तांड्याकडे पाहून, 'मी असतो तर कोठून शिरलो असतो?' असे जो स्वतःला विचारतो, तोच त्याचा मार्ग ओळखतो. आणि आपले लाडके गृहीत चुकीचे निघाले, तर ते टाकून देण्याची तयारी त्याच्याजवळ असावी लागते. हे धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून कमी नाही. वॉकर हा त्या युद्धातील थोर पाणबुडीमार सेनानी. त्याची युक्ती फरशीवर अपुरी ठरली म्हणून त्याचे थोरपण उणे झाले नाही, आणि त्या मुलींनी ती अपुरी ठरविली म्हणून त्या उद्धट ठरल्या नाहीत. अखेरपर्यंत लढून, श्रमाने झिजून, वॉकर जुलै १९४४ मध्ये लिव्हरपूललाच वारला.

मात्र त्या मुलाला एक फरक मी अवश्य दाखवीन. त्याच्या पडद्यावर जहाज बुडाले, की त्याच्या टनांचा आकडा वाढतो. जर्मन कप्तानांची कीर्तीही टनांतच मोजली जाई. फरशीवरच्या पटात हिशेब उलटा होता. तेथे किती बुडविले यापेक्षा तांड्यातील किती जहाजे बंदराला लागली, हे पाहिले जाई. एकाच समुद्राचे, एकाच रात्रीचे हे दोन खेळ. पण एकात माणूस आकडा होतो, आणि दुसऱ्यात आकड्यामागचा माणूस घरी यावा म्हणून रात्री जागविल्या जातात.

जुलै १९४५ मध्ये ते खेळघर बंद झाले. मुली आपापल्या घरी गेल्या, आणि त्यांच्या कामाविषयी कितीतरी वर्षे कुणी फारसे बोलले नाही. फरशीवरच्या खडूच्या रेघा एका ओल्या फडक्याने पुसल्या गेल्या असतील. परंतु त्या रेघांमुळे जी जहाजे बंदराला लागली, त्यांच्यावरून कुणी रत्नागिरीकडचा, कुणी गोव्याचा, कुणी सिल्हेटचा खलाशी खांद्यावर वळकटी घेऊन खाली उतरला असेल. आपले प्राण एका हिशेबतपासनीस मुलीने खडूने राखले, हे त्याला कधी कळले नाही. आपण मात्र ते जाणून ठेवावे, एवढ्यासाठी आजचे हे चार शब्द.